आत्याचं शेवटचं कार्य आणि त्याचा हिशेब

माझी आत्या १७ जानेवारी २०२५ ला गेली. ८१ वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आणि दादरच्या दोन खोल्यांत शेवटपर्यंत राहिली. तिच्या मागे तिचे धाकटे भाऊ, म्हणजे बेळगावचे काका, वय ७६. थोरली बहीण इंदूरला, तिला आता जिनाही उतरवत नाही. माझे बाबा सर्वांत मोठे, ते २०१६ मध्येच गेले. मग आम्ही भाचरं: मी ठाण्यात, माझा भाऊ मेलबर्नला, काकांचा मुलगा बेळगावात, इंदूरच्या आत्याची दोन मुलं.

एवढ्या माणसांत हे काम नेमकं कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुलगा असला की प्रश्न येत नाही. तो करतो, तो खर्च करतो, कोणी विचारत नाही. एकट्या माणसाच्या बाबतीत सगळे हळहळतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. त्यात कोणी वाईट असतं असं नाही. पुढे होणं म्हणजे इतरांचा मान डावलणं, असंही काहींना वाटतं. मी जवळ होते म्हणून मी केलं. एकट्या काकाचं, मावशीचं, आत्याचं करण्याची वेळ आता पुष्कळ घरांत येणार आहे, म्हणून पैशांसकट सगळं लिहून ठेवते आहे.

त्या शुक्रवारी रात्री दहाच्या पुढे आत्याची काळजी घ्यायला कामाला राहणाऱ्या मावशींचा फोन आला. "ताई, या. बाई बोलत नाहीत." मी निघता निघता आत्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते दोन वर्षं तिच्या हृदयाचे उपचार करत होते आणि महिन्यातून एकदा घरी येऊन तपासत. मी पोचले तेव्हा ते आलेले होते. त्यांनी पुन्हा एकदा तपासलं, घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि खुर्चीवर बसून फॉर्म भरायला घेतला.

हा फॉर्म सगळ्याचं मूळ आहे. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांनी नमुना ४-अ मध्ये मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो. रुग्णालयात झाला तर नमुना ४. तो नसेल तर स्मशानात पुढचं काही होत नाही. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हा दाखला फी न घेता द्यायचा, असं १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच आहे. आमच्या डॉक्टरांनी रात्रीच्या भेटीचेही पैसे घेतले नाहीत. पण मुद्दा पैशांचा नाही. कोणाचेच उपचार चालू नसतील तर अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतात, आणि ते रास्तच आहे; त्यांनी माणसाला कधी पाहिलेलं नसतं. मग सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात न्यावं लागतं, पोलिसांना कळवलं जातं, शवविच्छेदनही होऊ शकतं. म्हणून घरात कोणी थकलेलं असेल, अंथरुणाला असेल, तर एका डॉक्टरांचे उपचार नियमित ठेवा. जवळच्याच, रात्री येऊ शकतील अशा. मागचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. आत्याने स्वतःच तशी पिशवी करून कपाटाच्या पहिल्या खणात ठेवली होती. शिक्षिका होती, वरती कागदांची यादीही होती.

त्याच पिशवीत नेत्रदानाचं कार्ड निघालं. तोवर साडेअकरा झाले होते. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. कार्डावरच्या नंबरवर फोन केला. त्यांनी सांगितलं, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती, तरी चालतं म्हणाले. एकच्या सुमारास दोघे आले. नातेवाइकाची संमती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागल्या. समोरच्या वहिनी आणि त्यांच्या मुलाने सही केली. अर्ध्या तासात झालं. चेहरा जसाच्या तसा दिसत होता. याला खर्च काही नाही. कार्ड नसतं तरी जवळच्या नातेवाइकाच्या संमतीने हे करता येतं. त्या सगळ्या रात्रीत, आपण आत्याचं म्हणणं ऐकलं, असं मला तेवढ्या अर्ध्या तासात वाटलं.

आता न्यायचं कधी? काका म्हणाले, मी येईपर्यंत थांबा. चुलतभाऊ त्यांना घेऊन रात्रीच बेळगावहून गाडीने निघाला, म्हणजे सकाळी दहा-साडेदहा. जानेवारी असला तरी मुंबईच आहे, शीतपेटी लागणार होती. कोणीतरी एका एजन्सीचा नंबर दिला. त्यांनी फोनवर 'सगळं' पंचवीस हजारांत करतो म्हणून सांगितलं. सगळं म्हणजे काय, हे विचारायची त्या वेळी लाज वाटते. आत्याचं सरण आणि आपण भाव करतोय, असं मनात येतं. तरी मी विचारलं. पेटी, गाडी, सामान, फुलं, गुरुजी, चार माणसं. मी म्हटलं, मला पेटी आणि सकाळी गाडी एवढंच द्या, दोन्हीचे दर वेगळे सांगा. पेटीचे ३,५०० आणि शववाहिनीचे २,००० ठरले. ते नीट बोलले, वेळेवर आले, कसलीच तक्रार नाही. पण विचारलं म्हणून वेगळे दर कळले. बिलावर जीएसटी लावत असतील तर तेही विचारा: अंत्यसंस्कार, दहन-दफन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवांवर जीएसटी नाही, कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्या करातून बाहेरच ठेवल्या आहेत.

पेटीत ठेवण्याआधी मावशींनी आणि वहिनींनी आत्याच्या अंगावरचं काढलं. दोन बांगड्या, कानातल्या कुड्या, एक अंगठी. मी कागदावर लिहिलं, फोटो काढला, वहिनींची सही घेतली आणि फोटो लगेच काकांना आणि इंदूरला पाठवला. त्या वेळी हे कोरडं वाटेल. महिन्याभराने "अंगठीचं काय झालं" असा फोन येतो तेव्हा सगळ्यांचंच मन त्या फोटोमुळे शाबूत राहतं. फोन आला होता, प्रेमानेच आला होता, आणि एका मिनिटात संपला.

रात्रभर मी, मावशी आणि वहिनी बसून होतो. वहिनींनी न मागता दहा हजार रोख आणून माझ्या पर्समध्ये ठेवले. म्हणाल्या, "सकाळी सुटे लागतील, एटीएम शोधत बसू नकोस." खरंच लागले.

त्याच रात्री एका नातेवाइकांनी फोनवर सुचवलं, आत्याचं कार्ड असेल ना, पिन मावशींना माहीत असेल, काढून घे खर्चापुरते. हेतू चांगला होता. तिचाच पैसा, तिच्याचसाठी. मी नाही काढले. माणूस गेल्या क्षणापासून खात्यातला पैसा वारसांचा होतो, आणि त्याचं कार्ड वापरणं बँकेच्या नियमात बसत नाही. पुढे एखाद्या वारसाने बोट दाखवलं तर उत्तर द्यायला जागा राहत नाही. त्याऐवजी आधीच एक गोष्ट करता येते: एकट्या माणसाने विश्वासातल्या कोणाबरोबर एक छोटं संयुक्त खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने ठेवावं, त्यात साठ-सत्तर हजार असू द्यावेत. मग त्या रात्री कोणाच्या पर्सकडे बघायची वेळ येत नाही.

शनिवारी सकाळी आठला नात्यातला एक मुलगा आणि वहिनींचा मुलगा मर्तिकाच्या सामानाच्या दुकानात गेले. बांबू, सुतळी, कडबा, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, तूप, तीळ, कापूर, गुलाल, बुक्का, तुळस. काय लागतं हे तोंडपाठ असण्याची गरज नाही. दुकानदार एवढंच विचारतात: बाई की पुरुष, सवाष्ण की नाही, लाकडावर की विजेवर. त्यावरून ते सगळं बांधून देतात आणि तिरडी बांधायला माणूसही देतात. २,८०० झाले. हार-फुलं वेगळी, १,२००. शेवंती आत्याला आवडायची, ती जास्त घेतली.

काका सव्वादहाला आले. पेटीच्या काचेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन पहिला प्रश्न विचारला, "पैशाचं काय केलंस?" मी म्हटलं, काका, आत्ता मी करते आहे, सगळं लिहून ठेवते आहे, तेराव्यानंतर बसू. ते म्हणाले, बरं. हे दोन वाक्यांचं बोलणं फार उपयोगी पडलं. इंदूरच्या आत्याच्या मुलानेही सकाळीच "ताई, आपण वाटून घेऊ" असा निरोप पाठवला होता. त्यालाही तेच लिहिलं. पुढचे बारा दिवस त्या विषयावर कोणी कोणाशी कुजबुजलं नाही.

आम्ही शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीत गेलो, चैत्यभूमीला लागून आहे ती. भागोजी कीर स्मशानभूमी हे तिचं नाव. रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर यांनी पदरचे पैसे घालून दादरच्या लोकांसाठी ही सोय केली. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं तेही त्यांच्याच पैशांतून. तिथे बसले असताना मला सारखं वाटत होतं, अनोळखी माणसांच्या शेवटासाठी खर्च करणारा माणूस कसा असेल.

कार्यालयातल्या कारकुनांनी नमुना ४-अ, आत्याचं आधार आणि माझं आधार घेतलं. झेरॉक्स दोन-दोन प्रती न्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, पेसमेकर आहे का? असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो, त्यातल्या बॅटरीचा दाहिनीत स्फोट होतो. आत्याला नव्हता. मग मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म. मयताचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता, शिक्षण, व्यवसाय. आणि मग: तंबाखू खात होत्या का? सिगारेट? सुपारी? दारू? किती वर्षं? प्रश्न नेहमीचे आहेत, आकडेवारीसाठी सगळ्यांना विचारतात. काकांना ते एकदम लागलं, ते उठून बाहेर गेले. असे प्रश्न येणार हे आधीच माहीत असू द्या. आणि आजीचं पूर्ण नाव तुम्हाला येतं का, हेही पाहून ठेवा. मला येत होतं कारण ते आत्याच्या यादीत होतं.

इथे एक गोष्ट घाई न करता करा. कारकुनांनी लिहिलेलं नाव अक्षर न् अक्षर वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. आत्याच्या पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं होतं, एका अक्षराने. मी विचारलं, कुठलं घालू? ते म्हणाले, बँकेत जे आहे तेच आधारवर आहे का बघा, पैसे तिथे अडकतात. पॅन आणि बँक दोन्हीकडे आधारप्रमाणेच होतं, म्हणून तेच घातलं. नोंद झाल्यावर दुरुस्ती होते, पण अर्ज, पुरावे, प्रतिज्ञापत्र असं सगळं लागतं. पाच मिनिटं तिथेच घालवलेली बरी.

विजेवरची दाहिनी आत्याच्या इच्छेप्रमाणे. पालिकेच्या स्मशानभूमीत आमच्याकडून दहनाचे काहीच पैसे घेतले नाहीत. रांग होती, आमच्या आधी दोन, साधारण दोन तास थांबलो. तेवढ्यात गुरुजींनी विधी उरकले. अग्नी कोणी द्यायचा हा प्रश्न आला तेव्हा सगळे काकांकडे बघत होते. काका म्हणाले, "माझ्या बहिणीने हिला शाळेत घातलं. आम्ही दोघं मिळून देऊ." गुरुजी म्हणाले, काही हरकत नाही, दोघं या. मडकं काकांच्या खांद्यावर, गुडघे दुखत असल्याने त्यांचा हात माझ्या हातात, अशा तीन प्रदक्षिणा झाल्या. इंदूरची आत्या व्हिडिओ कॉलवर होती. ती काही बोलली नाही, फक्त पदर तोंडाला लावून पाहत राहिली. बाईने हे करावं की नाही यावर वाद घालणारं त्या दिवशी तिथे कोणी नव्हतं, आणि याबद्दल मी काकांची कायम ऋणी राहीन.

गुरुजींना २,५०० दिले. दाहिनीवरच्या कामगारांनी काही मागितलं नव्हतं. मी स्वतःहून हजार दिले, कारण ते काम मी दोन तास पाहिलं होतं. अस्थी त्याच संध्याकाळी मिळाल्या. कार्यालयातून नोंदीची पावती दिली, तिच्यावर नंबर असतो. तिचा फोटो काढून ठेवा, पुढे तोच लागतो.

त्या दिवसाचा खर्च, पेटीपासून कामगारांपर्यंत, १३,००० रुपये. हा आकडा मी मुद्दाम वेगळा लिहिते. माणसाला नीट निरोप द्यायला मुंबईत आम्हाला एवढे लागले. यापुढचं जे झालं ते आम्ही ठरवून केलं आणि प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता आलं असतं. एखाद्या घरात हातात तेवढेच असतील तर कर्ज काढून पुढचं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं असं. काकांना वर्तमानपत्रात निधनाची जाहिरात हवी होती, ५,४००. मला ती उधळपट्टी वाटली होती. पण ती वाचून आत्याचे जुने विद्यार्थी आले, साठीला टेकलेले. एकाने तिने दिलेलं निबंधाचं बक्षीस, म्हणजे एक शब्दकोश, पिशवीतून काढून दाखवला. तिच्या त्या आयुष्याबद्दल आम्हा घरच्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या पैशांबद्दल मला आता काही म्हणायचं नाही.

दहाव्याला, रविवारी २६ जानेवारीला, नाशिकला गेलो. रामकुंडावर विधी आणि अस्थिविसर्जन. गाडीचे ७,५००, विधी आणि दक्षिणा मिळून ५,१००. सुट्टीचा दिवस म्हणून गर्दी खूप. आमच्या दादरच्या गुरुजींनी तिथल्या गुरुजींना आधी फोन करून आकडा ठरवून दिला होता, त्यामुळे घाटावर बोलणी करावी लागली नाहीत. तुम्हीही निघण्याआधी ठरवा. अकरावं, बारावं, तेरावं घरीच, सामानासकट १५,०००. काय केलंच पाहिजे आणि काय सोडता येतं, हे मी गुरुजींना सरळ विचारलं. त्यांनी न रागावता सांगितलं, दानाच्या वस्तूंऐवजी यथाशक्ती रक्कम चालते, पलंग-गादी नको. २९ तारखेला तेराव्याचं जेवण, ४५ माणसं, ताटाला ३२० प्रमाणे १४,४००.

बेरीज ६०,४००.

मी पहिल्या रात्रीपासून एका वहीत लिहीत होते. तारीख, कशाचे, कोणाला, रोख की यूपीआय. पावती मिळाली तर चिकटवायची, नाही तर समोरच्याचं नाव. फुलवाले, गाडीवाले पावती देत नाहीत, म्हणून जमेल तिथे यूपीआय केलं, तीच नोंद. वहिनींचे दहा हजार दुसऱ्याच आठवड्यात परत केले.

तेराव्याच्या संध्याकाळी बसलो. काका, काकू, चुलतभाऊ, मी; इंदूर आणि मेलबर्न फोनवर. मी वही काकांच्या हातात दिली. ते सगळं वाचत गेले. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही आणि माझ्या पोटात गोळा आला होता. हिशेब देताना आपण प्रेमाची किंमत मागतोय असं वाटायला लागतं. त्यावर मला एका वकील मैत्रिणीने आधी सांगितलेली गोष्ट उपयोगी पडली. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ३२०: गेलेल्या माणसाच्या मिळकतीतून सर्वांत आधी त्याच्या अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजाराचा खर्च भागवायचा, इतर देणी त्याच्यानंतर. म्हणजे आत्याचं शेवटचं आत्याच्याच पैशातून व्हावं, अशी कायद्याचीही दिशा आहे. जो पुढे होतो त्याने पदरमोड करून गप्प बसावं असं नाही. त्याच कायद्याच्या कलम ३२२ मध्ये घरकामाच्या माणसाच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या थकलेल्या पगाराचाही वेगळा उल्लेख आहे.

हे वाचून दाखवल्यावर काका एकदम म्हणाले, "म्हणजे मावशींचा पगार राहिलाय का?" राहिला होता. महिन्याचे १६,०००. मी म्हटलं, ते मी उद्याच देते, त्यांना थांबवायला नको. औषधाच्या दुकानाची उधारी आणि ऑक्सिजनच्या यंत्राचं भाडं ७,८५०, तेही भरलं. सगळं मिळून ८४,२५०. हे आधी वजा, मग उरेल ते वारसांचं, यावर सगळ्यांनी हो म्हटलं. चुलतभावाने बैठकीत ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींत लिहून टाकलं आणि प्रत्येकाने 'मान्य' लिहिलं. तेवढंही पुरतं.

वारस कोण, हेही तेव्हाच स्पष्ट करून घेतलं. आत्याचं मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित बाईचे आई-वडील नसतील तर तिच्या वडिलांचे वारस येतात. म्हणजे आमच्यात तीन वाटे: काका, इंदूरची आत्या, आणि माझ्या बाबांचा वाटा मी व माझा भाऊ मिळून. भाच्यांना वाटतं आपला काही संबंध नाही. वडील आधी गेले असतील तर असतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि जितका उशीर तितक्या वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. आमची नोंद स्मशानातच झाली होती, म्हणून धावपळ नव्हती. मी ४ फेब्रुवारीला पालिकेच्या जी उत्तर विभाग कार्यालयात गेले, दादरच्या प्लाझा सिनेमाच्या मागे. पावतीचा नंबर, माझं आधार, नात्याचा पुरावा म्हणून बाबांच्या आणि आत्याच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स. पहिली प्रत विनाशुल्क असते. वरच्या प्रतींचे थोडे पैसे पडतात, त्या सहा तरी घ्या. बँक, पेन्शन, विमा, गॅस, वीज, प्रत्येकाला दाखवावी लागते, आणि काही ठिकाणी मूळ प्रत ठेवून घेतात.

पेन्शन ज्या बँकेत येतं तिथे दाखला हातात येण्याआधीच तोंडी आणि लेखी कळवलं होतं. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचंच देय असतं. जानेवारीचं पूर्ण जमा झालं, नंतर १४ दिवसांचं बँकेने परत वळतं केलं. त्या खात्यातून कोणी काही काढलं असतं तर इथे गुंता झाला असता.

मुदत ठेवीवर काकांचं नॉमिनेशन होतं. ते ३ मार्चला शाखेत आले. दाखला, ठेवीची पावती, ओळखपत्र, दावा अर्ज, दोन साक्षीदार. नॉमिनी असेल तर कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, आणि १३ तारखेला जमा झाले. नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांचे विश्वस्त म्हणून. काकांना हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी त्याच दिवशी माझे ८४,२५० पाठवले आणि बाकीचे तीन वाटे केले.

बचत खात्याचं मात्र अडलं. तिथे नॉमिनी माझे बाबा होते. २०१६ पासून ते नाव तसंच राहिलं होतं, आत्यालाही बदलायचं सुचलं नाही. त्यामुळे सगळ्या वारसांचे अर्ज, एकमेकांना ना-हरकत पत्रं, हमीपत्र, नोटरी. भावाचे कागद मेलबर्नच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित होऊन यायला वेळ लागला. पैसे जूनमध्ये सुटले. रक्कम ठेवीपेक्षा लहान होती आणि त्रास कितीतरी जास्त. आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या, मावशी-आत्यांच्या पासबुकांवर नॉमिनीचं नाव वाचा, आणि तो माणूस हयात आहे का ते बघा.

राहिलेलं: तिच्या २०२४-२५ च्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारस म्हणून आयकराच्या पोर्टलवर नोंदणी करून भरलं, ठेवीवर कापलेला कर परत मिळाला. वारस म्हणून नोंदणीला मृत्यूचा दाखला, तिचं आणि माझं पॅन, आणि वारस असल्याचा पुरावा लागतो.  आधारच्या पोर्टलवर घरातल्या माणसाचा मृत्यू कळवायची सोय २०२५ मध्ये सुरू झाली, तिथे दाखल्याचा नंबर घालून कळवलं. वीज आणि गॅस अजून तिच्याच नावावर आहेत. खोल्या पागडीच्या, म्हणजे ठोक रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या; तिच्याबरोबर कुटुंबातलं कोणी राहत नव्हतं, त्यामुळे घरमालकांशी बोलणी चालू आहेत. तो विषय सुटला की त्याबद्दल वेगळं लिहीन. तोवर कोणाच्या घरी अशी पागडीची जागा अलीकडे वारसांकडे आली असेल, तर कुठले कागद लागले ते मला जरूर कळवा.